मूठभर तांदूळ आणि एक पैसा

मुंबईहून कसारा घाट चढून आणि इगतपुरी मागे टाकून आग्रा रस्त्याने पुढे आले, की घोटी लागते. पावसाळ्यात ह्या पट्ट्यात आभाळ असे काही खाली उतरते, की चार महिने सूर्याची आणि माणसाची गाठ क्वचितच पडते. त्या पावसावर भात पिकते, आणि भातावर घोटीची बाजारपेठ उभी आहे. आवणीच्या दिवसांत खाचरांतून वाकलेल्या पाठी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी, मग गिरण्यांची घरघर आणि हवेत उडणारा कोंडा : आमच्या गावाचे वर्ष हे असे मोजले जाते. हे आरंभीच सांगण्याचे कारण एवढेच, की ज्या प्रश्नाने आम्हांला जुने ग्रंथ आणि जुन्या हकिकती चाळायला लावल्या, तो प्रश्न ह्या तांदळातूनच निघाला.

आमचे सेवामंडळ लहान आहे. रेल्वेच्या, शिक्षकीच्या किंवा दवाखान्याच्या नोकरीने ह्या भागात येऊन स्थिरावलेली काही कुटुंबे, वाड्यापाड्यांवरची काही कुटुंबे, आणि महिन्यातून एका रविवारी मिस्सेनंतर भरणारी बैठक. मंडळाने एक साधे काम अंगावर घेतले आहे. पाड्यावरच्या आजाऱ्याला किंवा अडलेल्या बाईला रात्री-अपरात्री नाशिकच्या रुग्णालयात न्यावे लागले, तर गाडीभाड्याची सोय करायची. सरकारची रुग्णवाहिका येते. पण पावसात ओढ्यापलीकडच्या पाड्यापर्यंत ती पोचतेच असे नाही, आणि परतीच्या भाड्याचा विचार तर कोणीच करत नाही. पेशंट बरा होऊन सुटला आणि खिशात भाडे नाही म्हणून बसस्थानकावर रात्र काढून आला, असे आमच्यासमोर घडले आहे.

तर निधी कसा उभारावा, ह्यावर बैठकीत दोन तट पडले. एका सधन गृहस्थाने सगळी रक्कम एकट्याने देण्याची तयारी दाखवली होती. अट एवढीच, की गाडीवर आणि पावतीवर त्यांच्या दिवंगत वडिलांचे नाव असावे. अट मुळीच वाईट नव्हती. बहुतेकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक वयोवृद्ध मावशी म्हणाल्या, "मग आम्ही काय करायचं? नुसतं बघत बसायचं का?" त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक घराने रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ डब्यात टाकावा आणि महिन्याने तो मंडळाला द्यावा. कोणी हसले. कोणी म्हणाले, मुठीमुठीने कुठे गाडी येते काय? वाद मिटेना, तेव्हा फादरांनी आमच्याकडे पाहून सुचवले, की आपल्याआधी लोकांनी हे कसे केले ते शोधून पुढच्या बैठकीत सांगा. हा लेख म्हणजे त्या शोधाची कागदावर उतरवलेली हकिकत आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अंताजी दामोदर काळे ह्या गृहस्थाच्या मनात एक कल्पना आली. देशात कोट्यवधी माणसे आहेत. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा दिला, तरी त्यातून देशी उद्योगधंद्यांसाठी भांडवल उभे राहील. त्या काळी चार पैशांचा एक आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. आजच्या वाचकाला हिशेब समजावा म्हणून सांगतो : एक लाख माणसांनी एकेक पैसा दिला, तर जमतात पंधराशे बासष्ट रुपये आठ आणे. आणि तो एकेक पैसा घ्यायला एक लाख माणसांसमोर कोणीतरी उभे राहावे लागते. कल्पना सुचणे सोपे होते; अवघड होते ते हे उभे राहणे. काळ्यांनी गावोगाव हिंडून ते केले. पुढे लोकमान्य टिळकांनी ह्या योजनेला पाठबळ दिले, आणि जत्रा-उत्सवांच्या गर्दीत स्वयंसेवक पेट्या घेऊन फिरू लागले. 'पैसा फंड' हे नाव मराठी घराघरांत पोचले.

ह्या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. काचच का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्या काळी बांगड्यांपासून कंदिलाच्या चिमणीपर्यंत काचेच्या कितीतरी वस्तू परदेशातून येत. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून फुंकनळीने फुगवण्याची कला आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. पण नव्या पद्धतीचा कारखाना चालवणारे हात नव्हते. जपानात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तळेगावला आले आणि कारखान्याबरोबरच तेथे काचकाम शिकवण्याची सोय झाली. आम्हांला त्या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तळेगावने किती चिमण्या विकल्या ह्यापेक्षा तेथून शिकून बाहेर पडलेल्या माणसांनी हिंदुस्थानात ठिकठिकाणी काचेच्या भट्ट्या पेटवल्या, हे अधिक टिकले. पुढे १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होऊन परदेशी माल येणे अडले, तेव्हा ह्या शिकलेल्या हातांची किंमत सर्वांना कळली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पैसा फंडाने देशातल्या प्रत्येक माणसाकडून पैसा घेण्याचे जे स्वप्न पाहिले होते, ते कधीच पुरे झाले नाही. कोट्यवधी सोडाच, त्याच्या लहानशा अंशापर्यंतच फंड पोचला. तरीही जो पोचला त्यातून एक भट्टी पेटली, आणि ती ज्याने पैसा टाकला त्याला आपली वाटली.

दुसऱ्या तटाची बाजूही इतिहासात भक्कम आहे, आणि ती दडवणे अन्यायाचे होईल. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी लहान वर्गणीचे आणि मोठ्या देणगीचे असे दोन्ही मार्ग चोखाळले. तरुणपणी आपल्या कोकणातल्या मुरूड गावासाठी त्यांनी 'मुरूड फंड' काढला. गावच्या मिळवत्या माणसांनी आपल्या कमाईचा ठरलेला अल्पसा अंश गावाच्या कामासाठी द्यायचा, अशी ती योजना. पुढे १८९६ साली विधवांच्या आश्रमासाठी त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, आणि त्यासाठी ते वर्षानुवर्षे दारोदार फिरले. १९१६ मध्ये महिलांचे विद्यापीठ सुरू झाले. मग १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली, तिचे वार्षिक उत्पन्न बावन्न हजार पाचशे रुपये. दात्याच्या मातेचे नाव, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, विद्यापीठाला मिळाले, आणि आज लाखो स्त्रिया ते नाव आपल्या पदवीवर मिरवतात. नाव लावण्याच्या अटीला नाक मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये. त्या एका सहीने जे झाले, ते मुठीमुठीने व्हायला कदाचित तीन पिढ्या लागल्या असत्या.

पण हेही ध्यानात घ्यावे, की ठाकरसींची देणगी आली तेव्हा कर्व्यांच्या मागे दारोदार फिरण्याची जवळजवळ पाव शतकाची पुण्याई होती. मोठा दाता रिकाम्या मैदानावर सहसा पैसा ओतत नाही. आधी कोणीतरी चार आणे, आठ आणे देऊन तेथे भिंत उभी केलेली असते.

आता कार्यक्रमांकडे वळू. निधीसाठी कार्यक्रम म्हटला, की आमच्या धर्मग्रामांतून हौजी, वस्तूंचा लिलाव, खाद्यपदार्थांचे स्टॉल आणि नाटक एवढ्या चार गोष्टी चटकन आठवतात. मराठी माणसाने निधीसाठी केलेला सर्वांत गाजलेला कार्यक्रम मात्र एका नाटकाचाच आहे. १९२१ च्या वसंतात काँग्रेसने बेझवाड्याच्या बैठकीत टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवण्याचा निश्चय केला आणि ३० जून ही मुदत घातली. त्या फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे संगीत नाटक १९११ सालचे. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श ह्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या त्या रात्री एका रंगमंचावर आल्या : बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत आणि केशवराव भोसले धैर्यधराच्या. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे होते, तरी लोक लोटले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले. त्यामुळे ती रात्र मराठी रंगभूमीच्या आठवणीत अधिकच खोल रुतून बसली.

ह्या प्रयोगात आम्हांला गंमत वाटते ती त्याच्या नावाची. दोन नटश्रेष्ठ, दोन कंपन्या, दोन्हीकडचे चाहते. आणि नाटक कोणते, तर 'मानापमान'! कोणाचे नाव जाहिरातीत आधी, कोणाला टाळी अधिक, ह्यावरून तो प्रयोग सहज मोडला असता. मोडला नाही. आमच्या मंडळात मागे एकदा निमंत्रणपत्रिकेवरील नावांच्या क्रमावरून दोन बैठका खर्ची पडल्या होत्या, त्या आठवल्या म्हणजे बालीवाला थिएटरातल्या त्या रात्रीचे मोल आम्हांला विशेष कळते.

आणि ज्या कार्यक्रमाची ती निमंत्रणपत्रिका होती, त्याचीही कबुली येथेच देऊन टाकतो, कारण दोष आमचाच होता. काही वर्षांपूर्वी आम्ही निधीसाठी वाद्यवृंदाची संध्याकाळ ठरवली. मांडव, ध्वनिक्षेपक, जनित्र, कलाकारांचे मानधन, त्यांचा प्रवास, त्यांचे जेवण. गर्दी झाली, टाळ्या पडल्या, लोक खूश होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसलो, तर जमा एक्केचाळीस हजार आणि खर्च सदतीस. त्यावर कळस म्हणजे तिकिटांची चार पुस्तके कोणाकडे गेली ह्याची नोंदच नव्हती. स्थळप्रती परत आल्या नाहीत आणि त्यांचे पैसेही आले नाहीत. कोणी खाल्ले असे आम्ही म्हणणार नाही. बहुधा ती पुस्तके कोणाच्या तरी खणात पडून राहिली असतील. पण ज्यांनी तिकिटे घेतली होती, त्यांनी पुढची दोन वर्षे आम्हांला विचारले, "त्या पैशांचं काय झालं हो?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ नीट उत्तर नव्हते. हाती उरलेल्या चार हजारांपेक्षा तो प्रश्न अधिक जड होता.

हा प्रश्न किती जुना आहे, हे पाहायचे तर संत पौलाची पत्रे उघडावीत. जेरुसलेममधल्या गरजू बांधवांसाठी त्याने करिंथ, मासेदोनिया अशा दूरदूरच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. इतिहासाच्या नजरेने पाहता ती एक सुसंघटित निधी-मोहीमच होती. करिंथकरांना तो सांगतो, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे आपण आल्यावर ऐनवेळी धावपळ नको. दुसऱ्या पत्रात तर तो ही रक्कम नेण्यासाठी मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतो, कारण एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आपल्यावर बोट ठेवू नये, अशी त्याची काळजी आहे. प्रत्यक्ष प्रेषिताला जी खबरदारी आवश्यक वाटली, ती आम्ही वाद्यवृंदाच्या संध्याकाळी घेतली नाही.

ह्याच्या उलट टोकाची एक पद्धत पॅरिसमध्ये जन्मली. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे काही सोबती ह्यांनी गरिबांच्या घरी जाऊन मदत करण्यासाठी एक लहान मंडळ काढले. तेच पुढे संत विन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर पसरले. सिस्टर रोझाली रांद्यू ह्यांनी ह्या तरुणांना पॅरिसच्या दरिद्री वस्त्यांची वाट दाखवली. त्यांच्या सभेत एक थैली फिरे. प्रत्येकाने मूठ आत घालायची आणि रिकामी बाहेर काढायची. आत किती पडले हे शेजाऱ्याला कळायचे नाही. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याचीही मूठ आत जायची. थैलीतली एकूण रक्कम मात्र मोजली जायची आणि वहीत चढायची. देणारा गुप्त आणि हिशेब उघड, ही जोडी आम्हांला फार शहाणपणाची वाटते. ओझानामला पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९७ साली धन्यवादित घोषित केले.

सेवा-क्लबांचा उल्लेख केल्याशिवाय ही हकिकत अपुरी राहील, म्हणून थोडक्यात सांगतो. रोटरीचा आरंभ १९०५ साली शिकागोत झाला. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपाईन्समधील मुलांना पोलिओची लस देण्याचे काम हाती घेतले आणि १९८५ मध्ये जगभरच्या मोहिमेसाठी बारा कोटी डॉलर जमवण्याचा संकल्प सोडला. १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे चोवीस कोटी सत्तर लाख डॉलर जमले. ते गावोगावच्या क्लबांनी जेवणावळी, शर्यती, विक्री आणि सोडती करून जमवले. तरी केवळ पैशाने पोलिओ गेला नाही. ९ डिसेंबर १९९५ रोजी आपल्या देशात पल्स पोलिओचा पहिला देशव्यापी दिवस पाळला गेला, आणि तेव्हापासून वर्षानुवर्षे बूथवर बसून मुलांच्या करंगळीला शाई लावणारे हात लागले. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

आता पुन्हा मावशींच्या मुठीकडे येतो. मुष्टिफंड हा शब्द आपल्याकडे जुना आहे. पणजीतल्या एका शिक्षणसंस्थेचे नावच 'मुष्टिफंड' आहे. घराघरांतून मूठमूठ धान्य काढून विद्येचे काम चालवण्याच्या कल्पनेवरून ते पडले. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण मुठीचा खरा थक्क करणारा इतिहास घडला तो आपल्यापासून फार दूर, मिझोरमच्या डोंगरांत. तेथील प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० साली 'बुहफाई थाम' ही प्रथा सुरू केली. शब्दाचा अर्थच मूठभर तांदूळ. दर वेळी भात रांधताना घरच्या बाईने एक मूठ बाजूला काढायची. तो तांदूळ गोळा करून विकायचा आणि पैसा मंडळीच्या कामाला द्यायचा. शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी ही प्रथा चालू आहे, आणि त्या मंडळीच्या उत्पन्नाचा तो एक मोठा झरा आहे. त्या स्त्रियांपैकी बहुतेकींच्या हाती स्वतःचा असा पैसा नव्हता. तांदळाचे भांडे मात्र त्यांच्याच ताब्यात होते. मावशींनी बैठकीत विचारलेला प्रश्न नेमका हाच होता, हे आम्हांला मिझोरमची हकिकत वाचताना कळले.

मग आम्ही स्वयंपाकघरात जाऊन आमच्या सौभाग्यवतींची एक मूठ वजन करून पाहिली. साधारण पन्नास ग्रॅम भरली. (आमची मूठ जास्त भरली, पण भात आम्ही शिजवत नाही, त्यामुळे ती हिशेबात धरता येत नाही.) रोज एक मूठ म्हणजे महिन्याला दीड किलो. चाळीस घरांचे साठ किलो. किलोला पन्नास रुपये धरले, तर महिन्याचे तीन हजार रुपये. वाद्यवृंदाच्या एका संध्याकाळीने, मांडव-जनित्रासह, दिले होते चार हजार.

अडचणीही आहेत. कोणाच्या घरी इंद्रायणी, कोणाच्या घरी जाडा, कोणाच्या घरी रेशनचा. एकत्र केलेल्या मिसळीला गिरणीवाला भाव देत नाही. त्यावर एका गिरणीवाल्याने सुचवले, की घरून येतानाच तांदूळ वेगवेगळ्या पोत्यांत घ्या, आणि मिसळ उरलीच तर ती रुग्णाबरोबर नाशिकला राहणाऱ्या नातेवाइकांच्या जेवणाला वापरा. पावसाळ्यात डब्यात पोरकिडे होतात, म्हणून कडुलिंबाचा सुकवलेला पाला घालावा लागेल. आणि रेशनच्या तांदळावर जगणाऱ्या घराकडून मूठ मागावी की नाही, ह्यावर मात्र आम्ही अडखळलो. मागितली तर त्याच्या ताटातला घास जातो. न मागितली तर त्याला मंडळाबाहेर उभे केल्यासारखे होते. फादरांनी ओझानामच्या थैलीची आठवण दिली. प्रत्येक घराला डबा द्यायचा. तो भरून आला की रिकामा आला, हे पोते घेऊन फिरणाऱ्या दोघांखेरीज कोणाला कळणार नाही.

गेल्या बैठकीत आम्ही हे सारे वाचून दाखवले. सधन गृहस्थही हजर होते. त्यांची देणगी मंडळाने नाकारली नाही आणि लगेच घेतलीही नाही. वर्षभर डबे फिरू द्यावेत आणि मग पाहावे, असे ठरले. त्यांना ते फारसे आवडले नसावे; पण जाताना त्यांनी आपल्या घरासाठी एक डबा मागून घेतला. दोन खजिनदार नेमले आहेत, दोन वेगवेगळ्या पाड्यांचे. वही चर्चच्या दाराशी टेबलावर उघडी राहील आणि दर महिन्याची जमा-खर्चाची बेरीज मिस्सेनंतर वाचून दाखवली जाईल. मावशींना आम्ही विचारले, डबा किती मोठा घ्यावा? त्या म्हणाल्या, "लहान घ्या. भरलेला दिसला पाहिजे."

कापणी संपली आहे. पहिली फेरी पुढच्या रविवारी निघेल.